धारेमागची माणसं

शाळेत एकतीस वर्षं इतिहास शिकवून मी निवृत्त झालो आणि लाकूड कातायला लागलो. घरच्यांना वाटलं, मास्तरांचं हे खूळ चार महिन्यांत उतरेल. लेथ मशीन आलं, ते मागच्या पडवीत बसलं, सागाचे आणि शिसवीचे तुकडे गोळा झाले. पण सहा महिने झाले तरी माझ्या हातून एक धड लाटणंसुद्धा होईना. लाकूड सुटायचं ते भुश्शासारखं, किंवा मग हत्यार एकदम आत रुतायचं आणि तुकडा फेकला जायचा. एकदा तर तो छपराच्या पत्र्यावर असा आदळला की शेजारच्या वहिनी धावत आल्या.

सावंतवाडीला माझं जाणंयेणं आहे. तिथल्या लाकडी खेळण्यांबद्दल, लाखेच्या रंगानं चकाकणाऱ्या भोवऱ्यांबद्दल आणि पाटावरच्या भातुकलीबद्दल तुम्हाला मी काय सांगणार! तिथं एक म्हातारे कातारी आहेत. सगळे त्यांना आबा म्हणतात, मीही म्हणतो. त्यांच्यापुढे मी माझी पटाशी ठेवली आणि म्हटलं, "आबा, लाकूडच वाईट लागलंय बहुतेक." आबांनी लाकडाकडे पाहिलंही नाही. हत्याराच्या टोकावरून अंगठा आडवा फिरवला आणि म्हणाले, "मास्तर, लाकडाला कशाला बोल लावता? हिला धार नाही. आणि हे निळं काय केलंत? पाणी उतरलंय हिचं."

पाणी उतरणं हा आपला किती नेमका शब्द आहे, हे मला त्या दिवशी कळलं. साध्या कार्बन पोलादाचं हत्यार लोहार तापवून, विझवून, पुन्हा बेतानं तापवून कठीण करतो. त्यालाच आपण पाणी देणं म्हणतो. ते पोलाद ग्राइंडरवर जोरानं टेकवलं की टोक तापतं. सव्वादोनशे अंशांच्या आसपास ते गवती पिवळं होतं, तीनशेच्या सुमाराला निळं. निळं झालं की तेवढा भाग मऊ पडला, लोहारानं दिलेलं पाणी गेलं. मी नेमकं हेच करत होतो. पडवीतला माझा ग्राइंडर सहा इंची चाकाचा, मिनिटाला २८०० फेरे घेणारा. हिशेब करून पाहा, त्या चाकाची कड ताशी ऐंशी किलोमीटर वेगानं पळत असते. त्यावर नवशिक्यानं हत्यार दाबून धरायचं म्हणजे दुसरं काय होणार!

लाकूड कातायचं मुख्य हत्यार म्हणजे गाउज. पन्हाळीसारखी खोलगट पटाशी म्हणा ना. सपाट पटाशीला धार लावणं सोपं, कारण तिचा उतार एकाच पातळीत असतो. गाउजचा उतार मात्र गोलाईवरून वळत जातो. त्यामुळे ती चाकावर टेकवून मनगटानं वळवायची, त्याच वेळी मूठ डावीउजवीकडे झुलवायची, आणि हे करताना कोन मात्र बदलू द्यायचा नाही. आबा हे गप्पा मारता मारता करतात. मी केलं तेव्हा उतारावर पैलू पडले, अगदी हिऱ्यासारखे सात-आठ. हिऱ्याला शोभतात, गाउजला नाहीत. उतार एकसंध असेल तरच तो लाकडावर टेकतो आणि धार त्याच्या आधारानं कापते. पैलू असले की आधार सुटतो आणि हत्यार रुतते.

शेवटी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं मला जिग आणून दिली. तो पुण्याला टूलरूममध्ये आहे. जिग म्हणजे फार काही नाही. चाकाच्या खालून एक सरकता दांडा पुढे येतो. त्याच्या टोकाला कोपऱ्यासारखी खोबण. गाउज एका पकडीत आवळायची, त्या पकडीला मागे एक पाय असतो, त्या पायाचं टोक खोबणीत ठेवायचं. झालं. आता गाउज झुलवली की ती एकाच ठरलेल्या वाटेनं झुलते. पकडीच्या पुढे ती किती बाहेर ठेवायची, याचं माप म्हणून लाकडाच्या ठोकळ्यावर एक खाच करून ठेवायची, म्हणजे दर वेळी तोच कोन. शाईच्या जाड पेननं उतार काळा करायचा, चाक हातानं एकदा फिरवायचं आणि शाई कुठे खरवडली ते बघायचं. पूर्ण उतारावरून सारखी निघाली तर मांडणी बरोबर. मग ग्राइंडर सुरू करून दोनदा हलकेच झुलवायचं. दाबायचं नाही. मला इतिहासाची सनावळी पाठ करायला लागला नसेल इतका वेळ 'दाबायचं नाही' हे शिकायला लागला.

पण लागली. त्या संध्याकाळी शिसवीचा तुकडा लावला आणि गाउजखालून लांबच लांब, सलग, ओलसर चमकीच्या साली सुटायला लागल्या. साठीत असं काही जमतं तेव्हा माणूस लहान होतो. मी बायकोला हाक मारून त्या साली दाखवल्या. ती म्हणाली, "केर कोण काढणार?"

तरी मनात एक बोचत होतं. ही लबाडी तर नव्हे? आबांचा हात पन्नास वर्षांत घडला आणि मी दोन स्क्रू आवळून त्यांच्या पंगतीला बसलो. पाश्चात्त्य देशांतही हौशी कातकाम करणाऱ्यांत यावरून बरीच वादावादी असते. जिगवाले आणि हातानं धार लावणारे असे दोन तटच आहेत म्हणा. इतिहासाच्या मास्तराला अशा वेळी एकच सुचतं, मागे जाऊन बघणं. आणि त्याला निमित्त माझ्याच हातात होतं. जुन्या बाजारात मला एक गाउज मिळाली होती. मूठ कुजलेली, पण पात्यावर शिक्का स्वच्छ होता : शेफिल्ड.

शेफिल्ड हे इंग्लंडमधलं चाकू-सुऱ्यांचं गाव. आपल्याकडच्या सुतारांच्या पेट्यांतही एकेकाळी तिथला शिक्का दिसायचा. माझी ही गाउज तिथे कुणीतरी घडवली असणार हे उघड आहे. लोहार डोळ्यासमोर येतो, भट्टी येते, ऐरण येते. पण तिला पहिली धार कुणी लावली? या माणसाचा विचार मी एकतीस वर्षांत एकदाही केला नव्हता. औद्योगिक क्रांती शिकवताना मी सूतगिरण्या आणि वाफेचं इंजीन यांच्यातच अडकलेलो असायचो.

शेफिल्डला डॉन, शीफ, रिव्हेलिन, लॉक्सली आणि पोर्टर अशा पाच नद्यांचं पाणी. नद्या कसल्या, ओढेच. पण उताराचे. त्यांच्यावर पाणचक्क्या बसवून लोकांनी धारेची चाकं फिरवली. पोर्टरच्या काठावरची शेफर्ड व्हील नावाची अशी एक कार्यशाळा आजही जतन करून ठेवलेली आहे. चाकं म्हणजे वाळूच्या दगडाची, तीन-चार फूट व्यासाची. दगड जवळच्या विकर्स्ली गावच्या खाणीतून यायचा. धार लावणारा एका लाकडी घोडीवर दोन्हीकडे पाय टाकून बसायचा आणि समोर फिरणाऱ्या दगडावर ओणवा व्हायचा. म्हणजे तोंड दगडाच्या अगदी वर.

वाळूचा दगड म्हणजे जवळजवळ सगळा क्वार्ट्झ, सिलिका. तो झिजला की त्याची पीठासारखी धूळ होते. मोठी हत्यारं आणि जेवणाच्या सुऱ्या यांची धार पाणी टाकून लावायचे, त्यामुळे धूळ काहीशी बसायची. पण काटे, सुया यांचं काम कोरड्या दगडावर. पाणी वापरणाऱ्यांचीही सुटका नव्हतीच, कारण नवा दगड बसवला की त्याला गोलाईत आणण्यासाठी तो कोरडाच फिरवून लोखंडी पहारीनं छिलावा लागे. त्या वेळी खोलीत माणूस माणसाला दिसत नसे.

१७८६ साली शेफिल्डमध्ये पहिल्यांदा वाफेच्या इंजिनावर धारेची चाकं फिरली. पाठ्यपुस्तकात याला प्रगती म्हणतात, मीही म्हणत आलो. पण नदीवर होतं तोवर उन्हाळ्यात पाणी आटलं की काम बंद पडे. माणूस बाहेर पडे, परड्यात राबे, फुप्फुसाला वारा लागे. वाफ आली आणि काम बारमाही झालं, गावात आलं, बंद खोल्यांत आलं. एकेका खोलीत पूर्वीपेक्षा कितीतरी माणसं. पाणी आटण्याची सुटी गेली.

परिणाम डॉक्टरांना दिसायला फार वेळ लागला नाही. अर्नोल्ड नाइट नावाच्या शेफिल्डच्या डॉक्टरनं १८३० साली या रोगावर निबंध छापला. 'धारवाल्यांचा दमा' असंच त्याला लोक म्हणत. नाइटच्या निरीक्षणाप्रमाणे कोरड्या दगडावर काम करणारा माणूस जेमतेम पस्तिशी गाठायचा, पाणी वापरणारा पंचेचाळिशीच्या पुढे क्वचितच जायचा. फ्रेडरिक एंगेल्सनं १८४५ साली इंग्लंडमधल्या कामगारांच्या स्थितीवर पुस्तक लिहिलं, त्यात नाइटचे हे आकडे घेतले. १८४३ साली जॉर्ज कॅल्व्हर्ट हॉलंड या दुसऱ्या डॉक्टरानंही याच विषयावर पुस्तक लिहिलं. म्हणजे कुणाला माहीत नव्हतं असं नाही.

उपायही निघाले होते. १८२०च्या दशकाच्या आरंभी अब्राहम नावाच्या एका शेफिल्डकरानं लोहचुंबकांचं एक साधन केलं. ते तोंडापुढे आणि दगडाजवळ लावायचं, म्हणजे उडालेला पोलादाचा कीस चुंबकाला चिकटेल. लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सनं त्याचा गौरव केला. साधन वापरात मात्र आलं नाही. आज आपल्याला हेही दिसतं की ते आलं असतं तरी फारसं भागलं नसतं. चुंबक लोखंड ओढतो. मारणारी धूळ दगडाची होती आणि ती चुंबकाच्या शेजारून सरळ छातीत जात होती. सिलिकोसिस हे नाव रोगाला मिळालं १८७० साली, इटलीत.

धूळ ओढून नेणारे पंखेही आले. आणि इथे मी बराच वेळ थांबलो, कारण काही धारवाल्यांनी ते लावू दिले नाहीत. धंदा सुरक्षित झाला तर आणखी माणसं त्यात येतील आणि मजुरी घसरेल, अशी त्यांना भीती होती. लवकर मरण हाच त्यांच्या मजुरीचा आधार होता म्हणा! शिकवताना मी अशा वागण्याला झटकन अडाणीपणा म्हटलं असतं. आता म्हणवत नाही. ज्याच्याजवळ विकायला दुसरं काही नाही तो आपलं आयुष्य महाग विकू पाहतो, एवढाच त्याचा अर्थ. त्यांच्या संघटनाही भलत्या कडक होत्या. वर्गणी चुकवणाऱ्याच्या चाकाचे पट्टे रातोरात गायब होत. पुढे प्रकरण खुनापर्यंत गेलं आणि १८६७ साली चौकशी आयोग बसला, तेव्हा करवतींना धार लावणाऱ्यांच्या संघटनेच्या चिटणिसानं, विल्यम ब्रॉडहेडनं, या गुन्ह्यांत आपला हात असल्याचं आयोगापुढे कबूल केलं.

माझ्या गाउजला पहिली धार लावणारा या पिढीतला होता की नंतरचा, हे कळायला मार्ग नाही. पण तो घोडीवर ओणवा बसला होता, हे नक्की. आणि त्याच्याजवळ जिग नव्हती. त्याचा हात आबांसारखाच होता.

मग ही दगडाची धूळ थांबली कशी? डॉक्टरांमुळे थोडी, कायद्यानं थोडी. ब्रिटनमध्ये धारेच्या कामासाठीचे खास नियम १९२५ साली झाले. पण मोठा वाटा एका अशा माणसाचा, ज्याच्या डोक्यात शेफिल्ड नव्हतंच. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या मोनोंगाहेला गावी एडवर्ड ॲचेसन हा खटपट्या माणूस १८९१ साली कृत्रिम हिरा करू पाहत होता. लोखंडी भांड्यात माती आणि कोळशाची पूड घालून त्यानं त्यातून जोरदार वीजप्रवाह सोडला. हिरा मिळाला नाही. कार्बनच्या कांडीच्या टोकाला चकचकीत कण मात्र दिसले. ते काच कापत होते. त्याला वाटलं, हा कार्बन आणि कोरंडम यांचा संयोग असावा, म्हणून त्यानं नाव ठेवलं कार्बोरंडम. समजूत चुकीची होती, ते सिलिकॉन कार्बाइड होतं. नाव तेच राहिलं. सुरुवातीला ते जवाहिऱ्यांना कॅरटच्या भावानं विकलं गेलं. पुढे १८९५ साली ॲचेसननं नायगाराच्या धबधब्याच्या विजेवर कारखाना उभारला आणि कॅरटचा माल पोत्यांनी निघू लागला. १८९७ साली चार्ल्स जेकब्ज यानं विजेच्या भट्टीत बॉक्साइट वितळवून कृत्रिम कोरंडम केलं. माझ्या ग्राइंडरचं पांढरं चाक त्याच कुळातलं. या चाकांत सुटी सिलिका जवळजवळ नसते. वाळूच्या दगडाची जागा त्यांनी घेतली तशी धारवाल्यांच्या छातीतली दगडाची धूळ कमी होत गेली. हिरा करायला निघालेल्या माणसानं केवढी फुप्फुसं वाचवली, याचा हिशेब त्यानं स्वतःही मांडला नसेल.

यातली मला मनापासून आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. कोरंडम हा शब्द आपलाच. मराठीत कुरुंद, तमिळमध्ये कुरुंदम. अठराव्या शतकात हा दगड भारतातून युरोपात गेला तो नाव घेऊन. चार्ल्स ग्रेव्हिल या इंग्रज गृहस्थानं १७९८ साली रॉयल सोसायटीपुढे आशियातल्या या दगडावर निबंध वाचला होता. आपल्याकडचे शिकलगार आणि रत्नांना पैलू पाडणारे कारागीर कुरुंदाची पूड वितळलेल्या लाखेत कालवून तिचं चाक करत. ते दोरीनं किंवा पट्ट्यानं पुढेमागे फिरवायचं. शिकलगार हा शब्दही अरबीतून आलेला, शस्त्रांना झिलई देणारा. म्हणजे सावंतवाडीच्या भोवऱ्यावर चढते ती लाख, आणि तो भोवरा कातणाऱ्या हत्याराला धार लावायच्या चाकातही लाख! हे मी आबांना सांगितलं तेव्हा त्यांना त्यात नवल वाटलं नाही. "लाख कशालाही धरून ठेवते," इतकंच म्हणाले. आज आपल्याकडे ही चाकं कारखान्यांत होतात. उरणजवळ मोऱ्याला ग्राइंडवेलचा कारखाना तर चाळीसच्या दशकातला.

पण गोष्ट इथे संपली असती तर फार बरं झालं असतं. चाक निर्धोक झालं तरी त्यावर घासायची वस्तूच सिलिकेची असेल तर? गुजरातेत खंबायतला अकीक घासून मणी करतात. अकीक म्हणजे सिलिकाच. घरोघरी एमरीच्या चाकावर ओणवी बसलेली माणसं, आणि तोच रोग. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेनं त्यांचा अभ्यास केला. त्याच संस्थेनं मध्य प्रदेशात मंदसौरच्या पाटीवरच्या पेन्सिली कापणाऱ्या कामगारांचाही अभ्यास केला. तिथेही दगडाची धूळ, तिथेही तरुण माणसं. मी ज्या शाळेत होतो तिथे पहिलीची मुलं पाटीवर अक्षरं गिरवायची. पेन्सिल तुटली की आम्ही दुसरी द्यायचो. ती कुठून येते हे कुणी विचारलं नाही, मीही नाही. सिलिकोसिसची नोंद करणं १९४८च्या कारखाने कायद्यानं बंधनकारक केलं होतं. पण तो कायदा कारखान्यांचा. अकीकचं चाक घराच्या ओसरीवर असतं.

हे सगळं वाचून झाल्यावर जिगबद्दलचा माझा प्रश्न मला जरा पोरकट वाटायला लागला. लबाडी कसली! आबांचा हात मोठाच आहे, त्यापुढे मी आजही वाकतो. पण ज्या हातकौशल्याचे आपण गोडवे गातो त्यातलं पुष्कळसं कौशल्य चाकावर तोंड ठेवून, रोज तास न् तास, कमावलेलं असतं. मी दोन झुल्यांत उठतो. माझ्या छातीला त्यातलं काहीच भोगावं लागत नाही. तरी चाकाचं तोंड भरलं की ते हिऱ्याच्या कांडीनं छिलावं लागतं, आणि तेव्हा धुराळा उडतोच. शेफिल्डवाले नवा दगड छिलायचे त्याचीच ही लहान आवृत्ती. त्या वेळी मी मुखपट्टी लावतो, दार उघडं ठेवतो आणि नातवाला घरात पिटाळतो.

मागच्या पावसाळ्यात आबा आमच्याकडे आले होते. मी जिग दाखवली. त्यांनी ती उलटीसुलटी करून पाहिली, पाय खोबणीत ठेवला, गाउज दोनदा झुलवली. धारेवर अंगठा फिरवला. मग खिशातून आपला छोटा निसणा काढला, त्यावर थुंकी लावली आणि उताराची आतली बाजू हातानं चार वेळा पुसून घेतली. "आता बघा," म्हणाले. खरंच, फरक होता.

मग त्यांची नजर भिंतीवर टांगलेल्या मुखपट्टीकडे गेली. "ही कशाला?" मी शेफिल्ड सांगितलं, खंबायत सांगितलं, पेन्सिली सांगितल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, "आमचे आजे साणेवर बसत. खोकायचे फार. आम्ही समजायचो, तंबाखू." जाताना त्यांनी विचारलं, अशी मुखपट्टी सावंतवाडीत मिळेल का. मी दोन बांधून दिल्या.

शेफिल्डची गाउज अजून वापरात आहे. कार्बन पोलादाची असल्यानं तिला चाकावर जपावं लागतं, शेजारी पाण्याचा डबा ठेवून मिनिटामिनिटाला बुडवावी लागते. ती आली तेव्हापासून दीड बोट झिजली. शिक्क्यापर्यंत अजून चार बोटं पोलाद शिल्लक आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)